शरणागती आणि शांतता

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्यूरोचे सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. नोव्हेंबर १९८० मध्ये सिरोंचा तालुक्यात पेद्दी शंकर हा तरुण पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, तेथून मोजले तर हे युद्ध पंचेचाळीस वर्षे चालले. चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. म्हणजे हा जिल्हा वयाने या युद्धाहून लहान आहे.

बंदुका खाली आल्या याचा आनंद आम्ही हातचा राखून व्यक्त करणार नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीत सतरा पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. दुसऱ्या बाजूला बोरिया-कसनासूरला २०१८ साली चाळीस माणसे पडली. खबरी ठरवून रात्री घराबाहेर काढलेल्या आदिवासी शेतकऱ्यांची तर गणतीच वेगळी. क्रांतीच्या नावाने झालेल्या या हत्यांविषयी डाव्यांपैकी अनेकांनी दीर्घकाळ मौन पाळले, हे आपण आपल्यापुरते तरी मान्य केले पाहिजे. सी-६० पथकातले जवान बहुतेक याच जिल्ह्यातले आणि दलममधली पोरेही इथलीच. वर्गशत्रू मात्र क्वचितच कोणाच्या गोळीच्या टप्प्यात आला.

तथापि शरणागती म्हणजे तह नव्हे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना केन्सची आठवण करून देण्याची मला जुनी खोड आहे. १९१९ च्या पॅरिस परिषदेत ब्रिटिश अर्थखात्याचा प्रतिनिधी म्हणून बसलेला हा माणूस जून महिन्यात राजीनामा देऊन बाहेर पडला आणि त्याच वर्षी त्याने पुस्तक लिहून बजावले की, पराभूताच्या पोटापाण्याचा विचार न करता लादलेला तह युरोपला पुन्हा खाईत लोटील. वीस वर्षांत युद्ध पेटले. त्याची कारणे एकट्या तहात नव्हती हे खरे, परंतु व्हर्सायला निदान तहाचा कागद होता आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या होत्या. गडचिरोलीत तेवढेही नाही. भूपतींनी सशस्त्र लढा थांबवण्याची भूमिका घेतली, तेव्हा त्यांच्याच पक्षातील इतर नेत्यांनी ती अमान्य केली. सरकारला वाटाघाटींची गरज वाटली नाही, आणि समोर वाटाघाट करू शकेल असा एकसंध पक्षही उरला नाही.

वाटाघाटींचा अनुभवही फार उत्साहवर्धक नाही. आंध्रात ऑक्टोबर २००४ मध्ये सरकार आणि नक्षलवादी हैदराबादेत समोरासमोर बसले. शस्त्रे बाळगून फिरण्याचा आणि जमीनवाटपाचा, या दोन प्रश्नांवर गाडी अडली आणि जानेवारी २००५ मध्ये नक्षलवादी बोलण्यांतून बाहेर पडले. पहिल्या प्रश्नाचा गाजावाजा झाला. खरा प्रश्न दुसरा होता. याउलट ३० जून १९८६ च्या मिझो कराराने वीस वर्षांचे बंड मिटले ते मिटलेच. ललडेंगा मुख्यमंत्री झाले, मिझोरामला राज्याचा दर्जा मिळाला, म्हणजे भांडणाचा विषयच राजकारणाच्या चौकटीत आणला गेला.

आपल्याकडे भांडणाचा विषय जंगल आहे. या चळवळीचा गडचिरोलीत शिरकाव झाला तो माओच्या विचारांच्या बळावर नव्हे, तेंदूपत्त्याच्या दराच्या बळावर. मे महिन्याच्या उन्हात सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, असे शंभर पुडे फळीवर मोजून द्यायचे, आणि मुंशी म्हणेल तो हिशेब घ्यायचा. हा दर बंदुकीच्या धाकाने वाढला, हे मजुरांनी पाहिले. पुढे त्याच ठेकेदारांकडून चळवळीने खंडणी घेतली आणि ठेकेदार मात्र टिकून राहिला, हेही त्यांनी पाहिले.

ठेकेदाराची साखळी प्रत्यक्षात सैल केली ती कायद्याने, १९९६ च्या पेसाने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना हाती पडायला एप्रिल २०११ उजाडले, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री व मुख्यमंत्र्यांना गावात यावे लागले. अनेक ग्रामसभा आज स्वतः तेंदूचा लिलाव करतात, हिशेब ठेवतात. त्यांतही भ्रष्टाचार होतो, व्यापारी फसवतात. परंतु तो गावाच्या बैठकीत मांडता येणारा तंटा आहे, त्यासाठी कोणाला जंगलात जावे लागत नाही.

म्हणून तहाचा दुसरा पक्ष कोण, या प्रश्नाचे उत्तर ग्रामसभा हेच आहे. युद्धाची किंमत तिने मोजली. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. खाणीच्या प्रश्नावर २०२३ साली तोडगट्टा येथे आदिवासी महिनोन्‌महिने सनदशीर धरणे धरून बसले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पोलिसांनी ते उठवले. हातात बंदूक नसलेल्या माणसाशी बोलण्याची ही रीत असेल, तर शांतता म्हणजे खाणीच्या रस्त्यावरचा अडथळा दूर होणे, एवढाच अर्थ तेथील लोक घेतील. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले तेही, सरकारच्याच सांगण्यानुसार, माओवाद संपत आला असताना. संपणाऱ्या संकटासाठी नवा कायदा कशाला, याचे पटेल असे उत्तर मिळालेले नाही.

गावाच्या संमतीवाचून खाण नाही, प्रलंबित वनहक्क दाव्यांचा मुदतीत निकाल, आणि चकमकींत व हत्यांत गेलेल्या दोन्हीकडच्या माणसांच्या कुटुंबांना सारखी वागणूक, ही कलमे तहात असायला हवी होती. ती सरकारकडून लिहून घेणारा आता समोर कोणी नाही. भामरागड, एटापल्ली, कोरची येथे काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी या मागण्यांचे ठराव ग्रामसभांत मांडावेत, इतिवृत्ताच्या वहीत सह्या-अंगठ्यांसह नोंदवावेत आणि त्यांची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी.