बॉर्डर

आमच्या चिकोडीत ‘बॉर्डर’ हा शब्द दोन ठिकाणी हमखास कानावर पडतो: साडीच्या दुकानात आणि निपाणीकडं जाणाऱ्या बसमध्ये. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ साधाच, कड किंवा काठ. पण १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि इथं बॉर्डर म्हटलं की आधी वादच आठवू लागला. आजी मात्र इरकली हातात घेऊन म्हणते, “काठ मजबूत, तर लुगडं टिकतं.” कन्नडमध्ये सीमेला ‘गडि’ म्हणतात; मराठीत गडी म्हणजे सोबती. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आम्हा पोरांनी हे दोन्ही अर्थ एकत्रच शिकायला हवेत, असं मला वाटतं.