मोठ्या मंगळवारची चाल

ज्येष्ठातल्या मंगळवारी लखनऊच्या आमच्या अलीगंजात सकाळी सहालाच भोंगा सुरू होतो. इथला महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपल्या पंचांगातला ज्येष्ठ लागायच्या पंधरवडाभर आधीच इथला ‘बडा मंगल’ येतो. कळसावर चंद्रकोर मिरवणाऱ्या जुन्या हनुमान मंदिराकडे जाताना पावलापावलावर भंडारे लागतात. भोंग्यावर मारुतीचं भजन असतं, चाल मात्र सिनेमाच्या गाण्याची. पुऱ्या तळणारा झाऱ्याने कढईच्या काठावर ठेका धरतो आणि द्रोण घेऊन रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका दुसऱ्या कडव्यापासून सोबत गायला लागतात.

दरवेळी मला ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड आठवतो.

त्याचा जन्म याच शहरातला. 14 ऑक्टोबर 1940, किंग जॉर्ज हॉस्पिटल. पाळण्यातलं नाव हॅरी वेब. बिऱ्हाड गोमतीपलीकडे, हजरतगंजजवळच्या मकबरा भागात. वडील रेल्वेच्या खानपान कंत्राटदाराकडे नोकरीला. 1948 साली हे कुटुंब बोटीने इंग्लंडला गेलं, आणि दहा वर्षांनी त्याचं ‘मूव्ह इट’ हे गाणं आलं. त्याच्या तरुणपणावर खूप लिहिलं गेलंय. मला तो मोठा वाटतो तो उतारवयात.

1998 साली त्याने एक गाणं ‘ब्लॅकनाइट’ असं खोटं नाव लावून रेडिओकडे पाठवलं. स्वतःच्या नावाने पाठवलं तर कुणी वाजवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. चाळीस वर्षं गाणाऱ्या माणसाला नाव लपवावं लागावं, याचं मला आजही वाईट वाटतं. वर्षभराने त्याने ‘मिलेनियम प्रेयर’ केलं. चर्चमध्ये रोज म्हटली जाणारी येशूची प्रार्थना त्याने ‘ऑल्ड लँग साइन’ या जुन्या स्कॉटिश गाण्याच्या चालीवर बसवली. त्याची नेहमीची कंपनी ईएमआय ते काढायला तयार झाली नाही. मोठी रेडिओ केंद्रं वाजवेनात, समीक्षकांनी टर उडवली. शेवटी एका छोट्या कंपनीने ते काढलं आणि ते तीन आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिलं. सलग पाच दशकांत पहिला क्रमांक गाठणारा तो झाला.

समीक्षकांना त्यात स्वस्त भाविकपणा दिसला. अलीगंजात एक मंगळवार काढला असता, तर त्यांना कळलं असतं की ओळखीच्या चालीवर प्रार्थना बसवणारा माणूस लोकांना फसवत नसतो. ज्यांना गाता येत नाही त्यांनाही गाता यावं, एवढी सोय तो करतो. आपल्याकडे गणपतीच्या मंडपात हेच चालतं. लोकप्रिय गायकाची खरी परीक्षा मला इथेच वाटते: त्याच्याबरोबर किती जणांना गाता येतं? 1996 साली विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर पाऊस पडत असताना तो साथीला एकही वाद्य नसताना उभा राहून गायला. मागे मार्टिना नवरातिलोवा आणि इतर खेळाडू कोरस देत होत्या, आणि छत्र्यांखालचे लोक गात होते.

पाचगणीचं नाव निघालं की तिथे शाळेत शिकलेला गायक फ्रेडी मर्क्युरी सगळ्यांना आठवतो. तो 45व्या वर्षी गेला. तरुणपणी गेलेल्याभोवती आख्यायिका लगेच उभी राहते. लांब आयुष्य जगून रोज रियाज करणाऱ्याला ते भाग्य मिळत नाही. आशा भोसले 2023 साली नव्वदाव्या वाढदिवशी दुबईत रंगमंचावर गायल्या, तेव्हा त्या गळ्यामागची शिस्त किती जणांच्या लक्षात आली?

क्लिफला आणखी एक गोष्ट सोसावी लागली. ऑगस्ट 2014 मध्ये एका जुन्या प्रकरणाच्या तक्रारीवरून पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली आणि बीबीसीने ती हेलिकॉप्टरमधून थेट दाखवली. त्याला अटक झाली नाही, आरोप ठेवला गेला नाही. 2016 मध्ये खटला चालवणार नसल्याचं सरकारी वकिलांनी जाहीर केलं. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या खासगीपणाचा भंग झाल्याचं मान्य करून 2 लाख 10 हजार पौंडांची भरपाई दिली. ज्याच्यावर अजून आरोपही नाही अशा माणसाची अब्रू जपली पाहिजे, हेच तत्त्व 2022 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात उचलून धरलं. क्लिफचा हा वारसा गाण्यांइतकाच मोलाचा आहे. त्याच 2018 मध्ये त्याने चौदा वर्षांनी नव्या गाण्यांचा अल्बम काढला, नाव ‘राइझ अप’.

गेल्या बड्या मंगळवारी भोंगा सांभाळणाऱ्या पोराला मी फोनवर ‘मिलेनियम प्रेयर’ ऐकवलं. शब्द त्याला कळेनात, पण मान डोलायला लागली. “दीदी, ये तो परेड वाली धुन है,” तो म्हणाला. त्याचा मोठा भाऊ फौजेत आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनात याच चालीवर कॅडेट्स शेवटची पावलं टाकतात, हे मी त्याला सांगितलं. त्याने फोन परत दिला नाही. तो भोंग्याच्या वायरशी काहीतरी खटपट करायला लागला, आणि पुरीच्या रांगेतल्या दोघी वळून बघायला लागल्या.

— मृणालिनी, अलीगंज, लखनऊ
(साप्ताहिक स्तंभ ‘सुरावट’)