बांदा परिसरात जमिनीचे सौदे करणाऱ्यांना जाहीर इशारा

विमानतळ झाला मोपाला आणि भाव फुटले बांद्याचे. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली, आणि गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे सातार्डा, मडुरे, बांदा, इन्सुली, थेट दोडामार्गापर्यंत एजंटांच्या गाड्या फिरू लागल्या. धावपट्टी गोव्यात आहे, पण हॉटेल, गोदामं, ट्रकतळ यांच्यासाठी लागणारी जागा महाराष्ट्रात स्वस्त मिळते, हा त्यांचा साधा हिशेब. मुंबई-गोवा महामार्ग दाराशी आहेच.

विकासाला आमचा विरोध नाही. आमच्या पाठीमागे, आमच्याच भावकीच्या सहीनं होणाऱ्या चोरट्या व्यवहारांना आहे.

हे व्यवहार कसे होतात ते उघड सांगतो. इथला सातबारा म्हणजे नावांची जंत्री. पणजोबांच्या जमिनीवर तीस-चाळीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे लालबाग, डोंबिवली, विरारला. म्हणून एजंट आधी गावात येतच नाही, तो डोंबिवलीला जातो. "गावाक आता कोण रवता?" असं म्हणणारा एखादा चुलतभाऊ त्याला हवा असतो. थोडा विसार, एक मुखत्यारपत्र, की काम झालं. सहहिस्सेदाराला न वाटलेला हिस्साही विकता येतो; मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ तसंच आहे. मग तो अनोळखी खरेदीदार तुमच्याच काजूच्या बागेत भागीदार होतो, वाटप मागतो, तेही नेमकं रस्त्यालगतच्या तुकड्याचं. कसणाऱ्याच्या वाट्याला उरतो मागचा कातळ. वाटपाचा निकाल लागेपर्यंत सिमेंटचे खांब रोवले जातात, तार ओढली जाते, आणि गुरं ज्या पाणंदीतून नदीवर जात ती बंद होते. फाटकावर पाटी हिंदीत. फोन नंबर दिल्लीचा.

मोपा ज्यात येतं त्या पेडणे तालुक्यातल्या लोकांनी २०२३ मध्ये रस्त्यावर उतरून तालुक्याचा क्षेत्र आराखडा सरकारला मागे घ्यायला लावला. त्यांच्यासमोर निदान विरोध करायला एक नकाशा होता. आमच्याकडे नकाशाच नाही, नुसते फेरफार आहेत.

आणि एक गोष्ट नदीची. तेरेखोलला पूर आला की बांद्याच्या बाजारपेठेत पाणी शिरतं, व्यापाऱ्यांना रातोरात माल माडीवर चढवावा लागतो. त्याच नदीकाठच्या सखल शेतांत आता डंपरनं लाल मातीचा भराव पडू लागला, तर ते पाणी कुठे जाईल हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

म्हणून महसूल खात्याला मुदत देतो. १ मे, महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेपर्यंत एवढं झालंच पाहिजे. फेरफाराची नोटीस चावडीवर खरोखर लागावी आणि प्रत्येक सहहिस्सेदाराला, मुंबईच्या पत्त्यावरसुद्धा, पोचावी. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार हरकतीला पंधरा दिवस मिळतात; नोटीसच दिसली नाही तर ते पंधरा दिवस कोणाच्या कामाचे? खरेदीदार शेतकरी आहे का, याचा दाखला तपासावा. कुळकायद्याचं कलम ६३ अजून जिवंत आहे. पूररेषेतले भराव थांबवावेत. बंद केलेल्या पाणंदी तहसीलदारांनी मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली खुल्या कराव्यात. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो, हे ज्यांची वाट अडली त्यांनीही लक्षात ठेवावं.

मुदत टळली तर? रास्ता रोकोची धमकी आम्ही देत नाही. तो दोन तासांत सुटतो, ट्रकवाले शिव्या घालतात, एजंट हसतो. आम्ही कागदानं अडवणार. सामाईक जमिनीच्या प्रत्येक फेरफारावर सहहिस्सेदाराची लेखी हरकत जाईल. नोंद विवादग्रस्त झाली की ती मंडळ अधिकाऱ्याच्या टेबलावर महिनोन् महिने अडकते, आणि जोवर मंजूर होत नाही तोवर बँक त्या जमिनीवर कर्ज द्यायला सहजी तयार होत नाही. पाठोपाठ वाटपाचा दिवाणी दावा. पैसे गुंतवणाऱ्यांनी हे आजच समजून घ्यावं: बांद्यात घेतलेला तुकडा वर्षानुवर्षं कोर्टात पडून राहील. एजंट दलाली घेऊन पुढच्या गावी गेलेला असेल, वकिलाची फी तुम्ही भरत असाल. नंतर आम्हाला सांगितलं नव्हतं म्हणू नका.

आता मुंबईकर भावंडांना. तुमचा हिस्सा तुमचाच आहे, तो कोणी गिळणार नाही. विकायचाच असेल तर आधी घरातल्याला विचारा, वाटप करून घ्या, मग उजळ माथ्यानं विका. कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही करू नका. १ मे ला गावात या, ग्रामसभेला बसा, आणि येताना आपल्या सातबाऱ्याचा ताजा उतारा घेऊन या.