कल्पना तुझी, जागरण माझं

जळगावात हिवाळा लागला की दोन गोष्टींना ऊत येतो, भरिताच्या पार्ट्यांना आणि स्टार्टअपच्या कल्पनांना. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून झाली, कळण्याच्या पुऱ्या पोटात गेल्या, की खांद्यावर हात पडतो: "भाऊ, एक भारी आयडिया आहे. ॲप तेवढं बनवायचं राहिलंय." मी मेहरूणला राहतो आणि प्रोग्रॅमिंगवर पोट भरतो. सकाळी तलावावर फिरायला गेलो तरी सुटका नाही.

ही माणसं मला आळशी वाटतात. कल्पना त्यांची, कोड माझा, पगार शून्य, आणि 'कंपनी उभी राहिली की' दहा टक्के माझे. उरलेले नव्वद कशाचे, सुचल्याचे? वर तोंड उघडण्याआधी गुप्ततेच्या कागदावर सही हवी. अरे दादा, नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात सांगून टाकलंय. उलट कॉपीराइट कायदा प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. म्हणजे मी तुझ्यासाठी फुकट लिहिलेला कोड, लेखी हस्तांतर करून देईपर्यंत, माझाच.

सगळ्यात जास्त वेळा येणारी कल्पना केळीभावाची. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला मोबाइलवर भाव दाखवायचा. भाव त्याला आजही कळतो, बऱ्हाणपूरचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतच असतात. त्याचं दुखणं निराळं आहे. जाहीर भाव एक, बांधावर व्यापारी देतो तो दुसरा, आणि कापणीला आलेला घड थांबत नाही, म्हणून मुकाट दुसरा घ्यावा लागतो. ट्रक त्याला आज हवा असतो. पडद्यावर चांगला आकडा झळकवून तो ट्रक येत नाही. किती शेतकऱ्यांशी बोललास, असं विचारलं की उत्तर तयार: "बोलायचं काय त्यात, माझे मामाच रावेरचे!"

दादासाहेब फाळक्यांची कल्पना याहून अचाट होती. पैसे उभे करताना त्यांनी नुसती बडबड केली नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेला गेले, कॅमेरा मिळवला, वाटाणा पेरला आणि त्याचं रोप होईतो थोडं थोडं चित्रण करत राहिले. ती 'अंकुराची वाढ' बघून यशवंत नाडकर्णींनी कर्ज दिलं आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आणि लांब कशाला जायचं? भवरलाल जैनांनी १९७८ मध्ये जळगावातला केळीच्या भुकटीचा जुना कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला घेतलं. ऐकणाऱ्याला वेडेपणाच वाटावा. पण सांगणारा माणूस १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकण्यापासून सुरू झाला होता, पंधरा वर्षं बाजारात मुरलेला होता.

तुझ्याकडे काय आहे? रंगीत स्लाइड्स.

आम्ही प्रोग्रॅमरही धुतल्या तांदळाचे नाही. कोणी मागितलेलं नसताना महिनोन्‌महिने काहीबाही बनवत बसायची खोड आम्हालाही आहे. म्हणूनच सांगतो, आधी ॲप नको. वही घे, फोन घे, थोडे शेतकरी आणि एकदोन व्यापारी हाताने जोडून दाखव. कोणी शब्द फिरवला, कोणी वजनात मारलं, पैसे किती दिवसांनी आले, दलाली द्यायला कोण खुशीने तयार झालं, सगळं लिही. ती वही मला घरात बसून बनवता येत नाही. तिच्यासाठी मी जागरणं करीन.

मग वाट्याचं बोलू. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम १३ म्हणतं, वेगळं ठरलेलं नसेल तर नफा सारखा आणि तोटाही सारखा. तुला कंपनीच काढायची असेल तर काढ. शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळावेत, वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याला काहीच नाही, ही अट मला मंजूर आहे. पण ती तुलाही लागू. आणि मी रात्री देणार असेन तर तूही निदान शनिवार-रविवार रावेरच्या बांधावर घालवायचे.

इथे बहुतेकांना घरची आठवण होते. नोकरी आहे, लग्नाचं चाललंय, बाबा विचारतील. माझ्या झोपेचा हिशेब मात्र त्यांनी पुरी खाता खाता करून टाकलेला असतो.