शाळेतून घरी काय जातं?

आपल्याकडे शाळा घराशी कधी बोलते? काहीतरी हवं असलं की. आधार कार्डाची झेरॉक्स द्या, जातीचा दाखला काढा, बँकेत खातं उघडा, सही करायला या. नाहीतर मग तक्रार. मुलगा आठ दिवस आला नाही, मुलगी वर्गात लक्ष देत नाही. त्यामुळे डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यांवर 'शाळेतनं बोलावलंय' हा निरोप आला की आईबापांच्या पोटात गोळा येतो. तहसीलदार कचेरीतून बोलावणं यावं तसा.

आता हे सगळीकडे सारखं नाही. डहाणू स्टेशनच्या आसपासच्या एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पोर जात असेल तर तिच्या आईला सकाळी अकरालाच कळतं की आज डब्यातली भाजी संपली, चित्रकलेत मोर काढला. व्हॉट्सॅपवर फोटो येतात, वर इतर आयांचे अंगठे आणि फुलं. (त्या ग्रुपांचा वैताग हा वेगळाच विषय. तो पुन्हा कधीतरी.) तिथून तासाभरावर, तलासरीच्या बाजूला, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. दोन मुली आश्रमशाळेत. धाकटी आठवडाभर तापाने फणफणली होती, हे त्यांना कळलं बाजारात, दुसऱ्याच कुणाच्या तरी मामाकडून. तोवर ताप उतरलाही होता. थोरलीचा धावण्यात दुसरा नंबर आला होता, ते कळलं दिवाळीच्या सुट्टीत. ताप कळवला नाही याचा राग त्यांनी बोलून दाखवला. धावण्याचं सांगताना मात्र नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "तवाच कलला असता तर बरा झाला असता."

मला त्यांचं ते दुसरं वाक्य जास्त लागलं. आजारपण कळवण्याचे नियम असतात, ते पाळले जावोत न जावोत. पण आठवड्यातल्या साध्या गोष्टी? त्या कळवायच्या असतात हेच कुणाच्या गावी नाही.

मास्तर लोकांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांचा दिवस बघा. किती मुलं हजर, किती जेवली, किती तांदूळ शिल्लक, हे सगळं रोज वर पाठवायचं. शिवाय प्रत्येक 'दिना'चे फोटो. कुठल्याशा पाड्यावरच्या शाळेत आज किती मुलं खिचडी जेवली हा आकडा संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला आणि राज्याला कळलेला असतो. त्यातल्या एका मुलाच्या आईला मात्र, ती हाकेच्या अंतरावर शेतात लावणी करत असली तरी, कळलेलं नसतं. माहिती नाही असं नव्हेच. ती फक्त एकाच दिशेला जाते.

'शिक्षणाचा हक्क' कायदा २००९ साली झाला, त्यात शाळा व्यवस्थापन समिती आली. समितीतले किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या बायका. कागदावर उत्तम. पण बैठक सकाळी अकराला ठेवली तर मजुरी करणाऱ्या बाईचा दिवस बुडतो. ती येते, मागे बसते, इतिवृत्त वाचून दाखवलं जातं ते कचेरीतल्या मराठीत. 'सर्वानुमते मंजूर' म्हणजे काय ते तिला कुणी सांगत नाही. अंगठा होतो, चहा होतो. आपण कळवलं असं शाळेला खरंच वाटत असतं, कारण वहीत तसा पुरावा असतो!

गंमत म्हणजे या प्रश्नाचं एक उत्तर याच तालुक्यात फार पूर्वी सापडलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बालवाडी काढली, पण पाड्यावरची मुलं तिथे येईनात. मग त्या बालवाडीच पाड्यावर घेऊन गेल्या, कुणाच्यातरी अंगणात. अंगणवाडी म्हणतात ती ही. (१९७५ साली सरकारी योजना आली तेव्हा हा शब्द देशभर गेला. आता त्याचा बोर्डीशी संबंध किती जणांना आठवतो कोण जाणे.) १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तिथे कुरणशाळा निघाली. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात.

या प्रयोगाबद्दल लिहिताना लोक नेहमी मुलांपर्यंत शिक्षण पोचलं असं लिहितात. खरंच आहे ते. पण मला त्याची दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. अंगणात वर्ग भरला की आईला काही कळवावं लागत नाही. ती तांदूळ पाखडता पाखडता बघते. बाई पोराला मारत नाही, त्याचं नाक पुसते, गाणं म्हणून घेते. विश्वास बसायला एवढं पुरतं. आपण शाळा पक्क्या इमारतीत नेली, भोवती भिंत घातली, फाटक लावलं. मुलांच्या सुरक्षेसाठी ते हवंच. पण अंगणातून जे फुकट दिसत होतं ते आता मुद्दाम सांगावं लागणार, हा विचार राहून गेला.

निवासी शाळेत तर फारच. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसायला लागले ते आठवा. १ फेब्रुवारी २०१९ला तर एका दिवसात कितीतरी, त्यातला मोठा चार रिश्टरच्या वर. थंडीत लोक घराबाहेर, तंबूत झोपत होते. अशा रात्री ज्याचं पोर दुसरीकडे वसतिगृहात आहे त्याला एकच प्रश्न: माझं पोर आज छपराखाली झोपलंय की बाहेर? याचं उत्तर परिपत्रकात नसतं. आणि ज्या शाळेने एरवी कधी साधी खुशाली कळवलेली नसते, तिने त्या दिवशी 'काळजी करू नका' म्हटलं तर कोण ऐकणार? आईबाप निघणारच पोराला घरी आणायला. मीही निघालो असतो.

मग फोन आहेत ना आता? आहेत. पण घरातला स्मार्टफोन बहुधा वापी-उंबरगावला कामाला जाणाऱ्या माणसाच्या खिशात असतो, घरी राहतो तो बटणांचा, आणि त्यातही रिचार्ज असेल तर. लेखी मजकूर पाठवायचा तर आईला वाचता आलं पाहिजे. त्यापेक्षा बोललेलं बरं. आणि बोलायचं तर वारलीत, धोडीत, जी घरची भाषा असेल तीत. आमच्या भागात घाटावरून आलेले शिक्षक पुष्कळ. काहीजण दोन-तीन वर्षांत छान शिकतात, काहीजण बदलीची वाट बघतात. नाही येत भाषा तर स्वयंपाकाच्या मावशी आहेत, सातवी-आठवीतल्या मुली आहेत. त्या जास्त चांगलं सांगतील.

भिंतींचंही सांगतो. आजकाल बहुतेक शाळांच्या भिंतीवर वारली चित्रं असतात. जिव्या सोमा म्हसे इथल्याच गंजाडचे, त्यांच्यामुळे हे चित्र जगात गेलं. पण शाळेच्या भिंतीवर तेच ते तारपा नृत्य, एकदा रंगवलं की पाच वर्षं तसंच. आणि शेजारच्या फळ्यावर सूचना, प्रमाण मराठीत. एक भिंत मुलांकडे सोपवा ना. शेण-गेरूने सारवायची, दर शनिवारी पोरांनी आठवड्यात काय झालं ते काढायचं. साप निघाला, डॉक्टर आले, अंडी मिळाली, कबड्डीत हरलो. पालक वाचू शकतील असा सूचनाफलक झाला की तो.

जे पालक शाळेपर्यंत येत नाहीत ते आठवडे बाजाराला येतातच. मीठ, सुकी मासळी, तेल घ्यायला यावंच लागतं. शाळेतलं एक माणूस त्या दिवशी तासभर बाजारात ठरलेल्या जागी बसलं तर? सोबत वर्गाची यादी. प्रत्येक पोराबद्दल एक वाक्य, बास. त्या ओळखीच्या बाईंना मी विचारलं होतं, तुम्हाला काय कळलं तर बरं वाटेल? अभ्यासाचं पहिलं नावच नाही घेतलं. जेवते का, कुणाशेजारी झोपते, केस कोण विंचरतं.

आता तुम्ही म्हणाल, मास्तरांवर आणखी एक काम. हो, आहे. म्हणून वरचं एखादं कमी करा. पाच फोटोंऐवजी दोन पाठवले तर दिल्लीत कुणाचं अडणार आहे?

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. दिवाळीनंतर बरेच पालक भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने बाजार उपयोगाचा नाही. त्यांच्यासाठी निघण्याआधीच विचारून ठेवायला हवं, कुठली भट्टी, मुकादम कोण, त्याचा फोन नंबर काय. आणि आठवड्यातून एकदा, संध्याकाळी काम सुटल्यावर, त्या नंबरावर पोरीलाच बोलू द्यायचं.