‘बेस्ट बिफोर’ म्हणजे ‘एक्स्पायरी’ नव्हे

आंबापोळी किंवा कोकम आगळाच्या वेष्टनावर ‘बेस्ट बिफोर’ लिहा नाहीतर ‘एक्स्पायरी’, अर्थ एकच, हे पत्रलेखकाचे म्हणणे (‘वाचकांचा पत्रव्यवहार’) पटले नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही चव, रंग, वास उत्तम राहण्याची मुदत; ती उलटली तरी नीट साठवलेला पदार्थ खाण्यायोग्य असू शकतो. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख उलटलेला माल मात्र विकताच येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलविषयक नियमांत हीच तारीख बंधनकारक आहे, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक. शब्दांची गल्लत झाली की चांगले अन्न फेकले जाते, नाहीतर खराब अन्न पोटात जाते. रत्नागिरीतील बचत गटांनी आपल्या कष्टाच्या मालावर नेमके शब्द छापावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी