तिऱ्हाईत नजर हवीच

प्रकल्प आपला, कष्ट आपले, मग बाहेरच्याने त्यात डोकावायचे कशाला? हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच नव्हे, मोठमोठ्या संशोधकांनाही पडतो. त्याचे उत्तर एका उदाहरणातून मिळते.

अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या संशोधनात रजोनिवृत्तीनंतरच्या १६,६०८ स्त्रियांवर संप्रेरकांच्या गोळ्यांची चाचणी चालू होती. या गोळ्यांनी हृदयविकार टळेल, अशी आशा होती. कोणाला औषधाची गोळी आणि कोणाला नुसतीच, हे गुप्त होते. मधूनमधून आकडे तपासण्याचे काम स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडे होते. २००२ मध्ये या मंडळाने चाचणी थांबवण्याचा सल्ला दिला. स्तनांचा कर्करोग वाढलेला दिसला, हृदयविकारही कमी न होता वाढला होता. सुमारे साडेआठ वर्षांची चाचणी सरासरी ५.२ वर्षांवर थांबली. वयानुसार धोका कमीजास्त होतो, हे पुढील अभ्यासात कळले. पण त्या वेळी गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची काळजी आधी महत्त्वाची होती.

आपल्या कामावर आपला जीव जडतो, म्हणून त्यातले दोष दिसत नाहीत. तज्ज्ञ केवळ हुशार असून भागत नाही. निकाल काहीही लागला तरी त्यांचा नफा-तोटा होता कामा नये.

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगाची आखणी सुरुवातीलाच एखाद्या बाहेरच्या जाणकाराला दाखवा. पालकांनी आणि विश्वस्तांनी असे जाणकार शाळेला मिळवून द्यावेत. बक्षिसाच्या दिवशी येणाऱ्या परीक्षकापेक्षा वेळीच 'थांबा' म्हणणारा सल्लागार अधिक मोलाचा.